मिसेस मागून येतायत

यशया उजागरेला आयुष्यात पहिल्यांदा बक्षीस लागलं ते वॉशिंग मशीनमुळे. नाताळाच्या आधी नगरमधल्या एका दुकानातून त्यानं ते घेतलं. दुकानदारानं नाव-नंबर लिहून एक चिठ्ठी डब्यात टाकायला लावली आणि यशया ती विसरूनही गेला. जानेवारीच्या शेवटी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत फोन आला, की पहिलं बक्षीस तुमचं. भंडारदऱ्याला तलावाच्या काठी तंबूत एक मुक्काम, जेवणखाण, होडीतली फेरी, सगळं धरून, दोघांसाठी. तारीख मात्र त्यांनीच ठरवलेली होती : चौदा फेब्रुवारी, शनिवार. व्हॅलेंटाइन डे. फोनवरच्या मुलीनं दोघांची नावं विचारली. यशयानं स्वतःचं सांगितलं आणि थांबला. ‘आणि मिसेसचं?’ तिनं विचारलं. मागे शेजारच्या शेडमध्ये प्रेसची धडधड चालू होती. ऐकू न आल्यासारखं करून त्यानं फोन ठेवून दिला.

मिसेस नव्हती. यशया एक्केचाळीस वर्षांचा होता, नागापूरच्या एमआयडीसीत एकोणीस वर्षं लेथवर काम करत होता आणि बोल्हेगावात दोन खोल्यांत एकटा राहत होता. लग्न करायचं नाही असं त्यानं कधी ठरवलेलं नव्हतं. वडील लवकर गेले, मग दोन बहिणींची लग्नं, आणि धाकटीच्या लग्नानंतर सहा महिन्यांतच आईचं डावं अंग लुळं पडलं. नऊ वर्षं आई अंथरुणावर होती. त्या वर्षांत स्थळं आली, बघितली गेली, आणि ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं नकार दिला. गेल्याच्या गेल्या साली आई गेली. तोवर विचारणारे विचारायचे थांबले होते.

रविवारी चर्चमधली उपासना झाल्यावर धाकटी बहीण कृपा त्याला सावेडीला आपल्या घरी जेवायला नेत असे. त्या रविवारी जेवताना त्यानं बक्षिसाचं सांगितलं. कृपाचा चेहरा उजळला. तिच्या लग्नाला बारा वर्षं होत आली होती आणि ती नवऱ्याबरोबर नातेवाइकांच्या लग्नाखेरीज कुठंही गेलेली नव्हती. तिनं लगेच नवऱ्याकडं, स्टीफनकडं पाहिलं, शनिवारी दुकान बंद ठेवता येईल का विचारलं, मुलं मोठ्या बहिणीकडं ठेवू म्हणाली. यशयाला विचारायचं तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असंही नाही. घरात आलेली बरी वस्तू दादा आपण होऊन पुढं करतो, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. वडिलांची सायकल अशीच गेली, आईचा गळ्यातला क्रूस असाच गेला.

यशयानं ताटातला भात संपवला. मग म्हणाला, ‘कृपा, मीच जाणार आहे.’

‘तू? कुणाबरोबर?’

‘एकटाच.’

स्टीफन हसला, मग हसू आवरलं. कृपा म्हणाली की तिथं सगळी जोडपी असतील, त्यांच्यात जाऊन तू काय करणार. यशयानं रिकामं ताट पुढं सरकवलं. त्याला एवढंच कळत होतं की या खेपेला हात पुढं करून ते देऊन टाकणं त्याच्यानं होणार नाही. निघताना नेहमीसारखा भाजीचा डबा कृपानं हातात दिला नाही.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं तो निघाला. संगमनेरला गाडी बदलली, पुढं अकोले गावात पुन्हा बदलली, आणि राजूर सोडल्यावर डोंगर जवळ यायला लागले. शेंडी गावाला उतरून, मिळाली ती जीप धरून तो तीन-साडेतीन किलोमीटरवरच्या तंबूंपाशी पोचला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. पाणी मात्र त्याला वाटलं होतं त्याहून कितीतरी मोठं होतं. थेट रतनगडाच्या पायथ्यापर्यंत निळं पसरलेलं.

तलावाच्या उतारावर पंधरा-वीस तंबू होते. तोंडाशी एक फळा लावला होता, भोवती लाल फुगे. फळ्यावर खडूनं जोडप्यांची नावं लिहिली होती : आदिनाथ आणि पूजा, अशी एकाखाली एक. शेवटून दुसरी ओळ त्याची होती. ‘यशया आणि मिसेस.’

तंबू चालवणारा बन्सी म्हणून तिथलाच माणूस होता, पन्नाशीचा, डोक्याला मफलर. त्यानं यशयाच्या हातातली पिशवी घेतली, त्याच्या मागं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आणि विचारलं, ‘म्याडम?’

आजूबाजूला चार-पाच जोडपी उभी होती. त्यातल्या एका मुलीनं वळून पाहिलं. यशया घरून उत्तर ठरवून आला होता. ‘मी एकटाच आहे, चालेल ना?’ हे वाक्य त्यानं गाडीत दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पण तोंडातून निघालं ते निराळंच.

‘मिसेस मागून येतायत,’ तो म्हणाला. ‘ड्यूटी होती. संध्याकाळच्या गाडीनं येतील.’

बन्सीनं मान डोलावली आणि त्याला तंबू दाखवला. आत पलंग होता, पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते. यशयानं पिशवी खाली ठेवली आणि पलंगाच्या कडेवर, हंसांना धक्का लागणार नाही असा बसला. आता हे खोटं एका रात्रीपुरतं निभावून न्यायचं. सात-आठ वाजता सांगायचं की ड्यूटी सुटली नाही, फोन आला होता. एवढ्यावर मिटलं असतं.

पण बन्सीची बायको चांगुणा जेवणाचं विचारायला आली. स्वयंपाकाचं सगळं तीच बघायची. चुलीवरचं भरलं वांगं, पिठलं, नागलीची भाकरी, काळभात तांदळाचा भात, असं तिनं सांगितलं, आणि विचारलं की बाईंना तिखट चालतंय ना.

‘वांगं चालत नाही तिला,’ यशया म्हणाला. ‘अंगावर पित्त उठतं.’

हे त्यानं कुठून आणलं ते त्याचं त्यालाच दोन क्षण कळलं नाही. मग कळलं. चांगुणानं नाव विचारलं तेव्हा तेही तयार होतं. ‘आराधना.’

अकरा वर्षांपूर्वी कोपरगावला तो एक मुलगी बघायला गेला होता. मराठी शाळेत शिकवायची. जेवणात वांग्याची भाजी होती आणि तिनं स्वतःच्या ताटात घेतली नाही. तिच्या मावशीनं सांगितलं, तिला सोसत नाही. दुसऱ्यांदा तो गेला तेव्हा दोघांना अंगणात बोलायला सोडलं होतं. ती म्हणाली, मला पोहायला येतं, गोदावरीत शिकले, घरात कुणाला आवडत नाही. त्याला ते फार आवडलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी आई पडली. त्यानं तिच्या घरी निरोप पाठवला की सहा महिने थांबा. ते थांबले नाहीत, आणि का थांबावं त्यांनी?

चांगुणाला बोलायची हौस होती. हात पुसत ती तंबूच्या दाराशी टेकली आणि विचारत राहिली. यशया सांगत राहिला. शाळेत शिकवायची, पण आता दवाखान्यात आहे म्हणाला, कारण ड्यूटीचं आधी सांगून बसला होता. पोहता येतं. हसताना तोंडावर हात धरते. सांगताना त्याला छान वाटत होतं. घरात कुणीतरी आहे, आपण तिच्याबद्दल तक्रारीच्या सुरात बोलतोय, असं. मग चांगुणानं सहज विचारलं, ‘रागीट हायेत का गरीब?’

यशयाला ठाऊक नव्हतं. दोन भेटींत जेवढं कळलं तेवढं सांगून संपलं होतं. त्यापुढं त्या बाईविषयी त्याच्याकडं काहीही नव्हतं, आणि हे एवढंच तो अकरा वर्षं जपून होता.

‘गरीब आहे,’ तो म्हणाला, आणि उन्हात जाऊन बसला.

दुपार सरेपर्यंत तो पाण्याकाठी फिरला. नवी लग्नं झालेली पोरं-पोरी मोबाईल घेऊन जागा शोधत होती. कर्जतहून आलेला आदिनाथ म्हणून एक तरुण त्याच्याकडं आला आणि म्हणाला, ‘काका, आमचा एक फोटो काढता का?’ यशयानं काढला. मग दुसऱ्यांनीही फोन पुढं केला. तासभर तो सगळ्यांचे फोटो काढत होता, थोडं डावीकडं सरका, सूर्य डोळ्यावर येतोय, हात खांद्यावर असू द्या, असं सांगत. आदिनाथची पूजा म्हणाली की काका फोटो चांगले काढतात, काकू आल्या की तुमचे आम्ही काढू. तो हो म्हणाला.

सूर्य डोंगराआड गेला तशी पाण्यावरून हवा सुटली. यशयानं ठरवलं, आता सांगून टाकू की फोन आला होता. तो चुलीपाशी गेला. चांगुणा एकटीच भाकऱ्या थापत होती. बन्सीभाऊ कुठं आहेत, त्यानं विचारलं.

‘शेंडीला गेल्यात की, स्टँडवर,’ चांगुणा म्हणाली. ‘मुक्कामाची गाडी येती सात वाजता. तिथनं फुडं यायला काय मिळत न्हाई यावेळी. बाईमानूस अंधारात कशी येनार? म्हनलं, मोटरसायकल घिऊन जावा. माझी शाल बी धाडलीय. पान्यावरचा वारा लई बोचतो.’

यशयानं बन्सीचा नंबर मागितला. चांगुणा म्हणाली, लावून उपयोग नाही, इथं खोलगटात रेंज नसती, टेकाडावर जावं लागतं. शेजारच्या कढईत तिनं बटाट्याच्या काचऱ्या वेगळ्या परतून झाकून ठेवल्या होत्या. वांगं न खाणाऱ्या बाईसाठी.

तो निघाला. टेकाडावर जाऊन फोन लावला, लागला नाही. मग तसाच रस्त्यानं चालत सुटला. पायात साधे बूट होते, स्वेटर तंबूतच राहिला होता. कडेला ज्वारी-गव्हाचे तुकडे, मध्येच एखादं घर, दारात पेटलेली चूल. एकोणीस वर्षांत कंपनीला एकदाही उशिरा न गेलेला माणूस, आणि आज त्याच्या एका वाक्यापायी कुणीतरी थंडीत ताटकळत उभं आहे, हे त्याला चालताना सारखं टोचत होतं. पण त्याहून दुसरी एक गोष्ट होती, ती अधिक टोचत होती. आराधनासाठी शाल गेली होती. खऱ्या माणसासाठी जाते तशी गेली होती.

तो शेंडीला पोचला तेव्हा गाडी येऊन लागलेली होती. सगळी माणसं उतरून गेली होती. बन्सी बगलेत शाल धरून कंडक्टरशी बोलत होता. यशयाला बघून तो लगबगीनं पुढं आला.

‘सायेब, गाडीत न्हाईत त्या. कंडक्टरला इचारलं. चुकून राजूरला उतरल्या आसतील. तुमी फोन लावा, मी गाडीवर जाऊन घिऊन येतो.’

राजूर तिथून बरंच लांब होतं. बन्सी खरंच गेला असता.

‘बन्सीभाऊ,’ यशया म्हणाला, ‘कुणी येणार नाही. माझं लग्नच झालेलं नाही.’

बन्सीनं त्याच्याकडं बघितलं. कंडक्टर गाडीच्या पायरीवर बसून बूट काढत होता, त्यानंही बघितलं. यशयाला वाटलं, आता हा ओरडेल, आणि ओरडला तर बरं होईल. बन्सीनं शालीची घडी सोडली, पुन्हा घातली आणि ती यशयाच्या हातात दिली.

‘पांघरा,’ तो म्हणाला. ‘स्वेटर न्हाई घातला तुमी.’

दोघं मोटरसायकलवर निघाले. मग वळणावर वेग कमी करताना बन्सीनं विचारलं, की मग आराधनाबाई कोण. मागं बसून सांगणं यशयाला सोपं गेलं. समोर तोंड नव्हतं, पाठ होती. त्यानं कोपरगावचं सांगितलं, आईचं सांगितलं, बक्षिसाचं आणि बहिणीचंही सांगितलं. तंबूंचे दिवे दिसायला लागल्यावर बन्सी एवढंच म्हणाला, की कारभारणीला मी सांगू का तुम्ही सांगता. यशया म्हणाला, मी सांगतो.

चांगुणाला मात्र राग आला. तिनं ऐकून घेतलं आणि भाकरी परातीत आपटली.

‘एकट्या मानसाला आमी काय उपाशी ठिवतो का?’ ती म्हणाली. ‘कशापाई खोटं बोललात? मी दुपारपासनं वाट बघती त्या बाईची.’

यशयानं माफी मागितली. तिनं ताट वाढलं, त्यात काचऱ्याही वाढल्या, सगळ्या. तो चुलीपाशीच जेवायला बसला. पलीकडं जाळ करून जोडप्यांसाठी गाणी लावली होती, कुणी नाचत होतं, केक कापला जात होता. इकडं चांगुणा पाठ करून पातेली घासत होती. भाकरी संपली तेव्हा तिनं न विचारता दुसरी टाकली, आणि थोड्या वेळानं, अजून पाठ तशीच ठेवून, विचारलं की आई किती वर्षं पडून होती. नऊ, तो म्हणाला. कोण करायचं सगळं? मीच. मग तिनं ताक आणून ठेवलं.

जाळापाशी न जाता तो तंबूत गेला. एक टॉवेल त्याला लागणारच होता, त्यामुळं एक हंस त्यानं उलगडला. पलंग दोघांचा होता. तो एका कडेला झोपला, कापडी भिंतीकडच्या, आईच्या खोलीत झोपायचा तसा. सकाळी पहिल्या गाडीनं जायचं, हे ठरवूनच त्यानं डोळे मिटले.

पण सकाळी जाग आली तेव्हा तंबूच्या कापडावर कोवळा उजेड होता आणि बाहेर कसलाच आवाज नव्हता. तो दार उघडून उभा राहिला. पाण्यावर धुकं होतं, दाट, आणि त्यावर डोंगरांचे फक्त माथे. सगळे झोपलेले. बन्सी काठावर होडी पुसत होता. म्हणाला, फेरी तुमच्या बक्षिसात आहे, येता का?

यशयाला पाण्याची भीती वाटायची, पण तो बसला. बन्सी मागं वल्ही मारत होता, समोरची फळी रिकामी होती. मध्यावर पोचल्यावर ऊन आधी रतनगडाच्या माथ्यावर पडलं, मग खाली उतरत आलं, आणि धुकं जागच्या जागी पांढऱ्याचं पिवळं झालं. एक पाणकावळा अगदी जवळून पाण्याला चिकटून गेला. यशयाच्या तोंडाशी शब्द आला : ‘बघ.’ त्यानं मान वळवलीसुद्धा. बन्सी खाली बघून वल्ही मारत होता, त्याला हे रोजचं होतं. तो शब्द यशयाला गिळावा लागला, आणि तो सहजासहजी गेला नाही. आई गेली तेव्हाही न आलेलं रडू त्याला आलं, आणि वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं तसं दाखवून त्यानं ते शालीनं पुसलं.

थोड्या वेळानं बन्सी होडी वळवायला लागला. यशया म्हणाला, अजून थोडं पुढं नेता येईल का? बन्सीनं नेलं. यशयानं हात पाण्यात सोडला. पाणी बर्फासारखं होतं. बोटं बधिर होईस्तोवर त्यानं हात तसाच ठेवला. मग उपासनेतलं एक गीत गुणगुणला, आधी मनात, मग आवाजात. त्याचा आवाज चांगला होता. बऱ्याच वर्षांत त्याचा त्यालाच तो असा एकटा ऐकू आला नव्हता. चर्चमध्ये तो सगळ्यांच्यात मिसळून जायचा.

पहिली गाडी त्यानं जाऊ दिली. दुसरीही. न्याहारीला तीन भाकऱ्या खाल्ल्या, काठावरच्या गवतात उन्हात आडवा झाला आणि चक्क झोपला. कुणाला औषध द्यायचं नव्हतं, कुणाची कूस बदलायची नव्हती, कंपनीचा भोंगा व्हायचा नव्हता. उठला तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि गालावर गवताचे वळ उमटले होते. जोडपी एकेक करून गाड्यांत बसून निघत होती. पूजानं त्याला काकू आल्या नाहीत का म्हणून विचारलं. काकू नाहीत, तो म्हणाला, मी एकटाच आलोय. आदिनाथनं पुढं होऊन त्याच्याशी हात मिळवला, आणि दोघं गेली.

निघताना त्यानं शाल घडी करून चांगुणाला दिली. तिचा राग गेला होता, पण गोड बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. म्हणाली, पुढच्या खेपेला फोनवर एकच ताट सांगा, म्हणजे अन्न वाया जात नाही. पुढची खेप आहे, हे तिनं धरूनच चाललेलं होतं. यशयानं तिला हो म्हटलं.

संगमनेरच्या स्टँडवर नगरच्या गाडीला वेळ होता. कृपाचा फोन आला. तिच्या आवाजात अजून थोडा रुसवा होता. म्हणाली, पोचलास का, नीट झालं का सगळं. आणि मग, जरा थांबून, ‘दादा, करमलं का रे एकट्याला?’

मजा आली, असं तो म्हणू शकला असता. इतकी वर्षं म्हणतच आला होता.

‘नाही करमलं,’ तो म्हणाला. ‘पण गेलो ते बरं झालं.’

फोनमध्ये कृपाच्या घरातल्या मिक्सरचा आवाज येत होता, तो तिनं बंद केला असावा, कारण मग एकदम शांत झालं. तलाव कसा होता, तिनं विचारलं. यशया सांगायला लागला. पाण्याचं सांगितलं, धुक्याचं सांगितलं, वरचे नुसते माथे दिसत होते ते सांगितलं. ऊन खाली कसं उतरत आलं ते सांगायला लागला, तेवढ्यात तिकडं धाकट्या मुलानं काहीतरी सांडलं आणि कृपा म्हणाली, थांब, करते तुला नंतर.

नगरची गाडी फलाटाला लागली. यशयानं पिशवी उचलली, आत शिरला आणि खिडकीची जागा धरली. गाडी रिकामीच होती, शेजारी कुणी बसलं नाही. त्यानं फोन हातातच ठेवला, राहुरी जाईपर्यंत.